बेबीचा शिक्का

अकोल्याच्या एमआयडीसीत डाळ मिलांच्या रांगेमागे एक पत्र्याची शेड आहे आणि तिच्यावर पाटी आहे, ‘बेबी हीट ट्रीटमेंट’. पहिल्यांदा वाचणारा माणूस हसतो. पाटी लावली त्या दिवशी तर रंगवणारा पेंटरच हसला होता, आणि समोरच्या मिलवाल्याने चहा पिता पिता विचारलं होतं, “इथं बाळंतिणीले शेक भेटते काय?” बेबीताईने पाटी उतरवून ती हातभर मोठी करून घेतली.

नावाची गोष्ट अशी. अंजनगाव सुर्जीकडच्या पानपिंपळीच्या औषधी वेलांचा मळा असलेल्या एका घरातली ही तिसरी मुलगी. बारसं पुढे ढकललं, आणखी पुढे ढकललं, आणि मग राहूनच गेलं. शाळेत नाव घालायला काका गेले. मास्तरांनी नाव विचारलं तेव्हा घरात जी हाक मारत तीच त्यांनी सांगून टाकली. तेव्हापासून हजेरीत बेबी, दहावीच्या प्रमाणपत्रावर बेबी, आणि नागपुरातून धातुशास्त्राची इंजिनीअर झाली तेव्हा पदवीवरही बेबी. एका प्राध्यापकांनी मायेने सुचवलं होतं, की प्रतिज्ञापत्र करून एखादं भारदस्त नाव घे, पुढे नोकरीत जड जाईल. “काहून सर? याच नावानं मी पास झाली ना,” ती म्हणाली.

पुण्यात इंजिनाचे भाग करणाऱ्या कारखान्यात तिने बरीच वर्षं भट्ट्या सांभाळल्या. तिथले साहेब पाहुण्यांना तिची ओळख ‘आमच्या मिस बी’ अशी करून देत. ती तिथल्या तिथे दुरुस्त करी, “बेबी.” साहेबांचा चेहरा पडे. आपलं बोलणं पुण्याच्या कानांना टोचतं हे तिला माहीत होतं, आणि ते बोथट करायची तिची अजिबात तयारी नव्हती.

पुढे लग्न झालं. नवरा सूर्यभान अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर नोकरीला. दोघांपैकी एकाला नोकरी सोडावी लागणार होती, आणि कुणी सोडायची हे दोन्ही घरांनी तिला न विचारताच ठरवून टाकलं. बेबीने नोकरी सोडली, पण काम सोडलं नाही. कारखान्याने मोडीत काढलेल्या दोन विजेच्या भट्ट्या ट्रकवर घालून ती अकोल्यात उतरली. सासरचे लोक हुंड्यात आलेली कपाटं बघायला यावेत तसे भट्ट्या बघायला आले आणि नाकं मुरडून गेले.

आता वऱ्हाडात धातूला कडक करणं म्हणजे एकच गोष्ट, पाणी देणं. विळ्याला पाणी, कुऱ्हाडीला पाणी, वखराच्या पासेला पाणी. लोखंड लाल करायचं आणि बुडवायचं. चर्र झालं की गिऱ्हाइकाचं समाधान होतं. बेबीताईही पाणी देत असे; डाळ मिलचे शाफ्ट, जिनिंगचे दाते, नांगराचे फाळ, सगळं तिच्या भट्टीतून निघून पाण्यात नाहीतर तेलात जाई. या कामाला तिने कधी हलकं मानलं नाही. पण तिच्या डोक्यात एक दुसरा धातू होता, आणि त्याच्यावर हात फिरवायला मिळावा म्हणून ती वाट पाहत होती.

ती वाट केयूरने संपवली. हा अमरावतीच्या वकिलांच्या घरातला मुलगा, धातुशास्त्रातच एमटेक केलेला, नागपूरच्या एका कंपनीत गुणवत्ता बघणारा. कंपनी वीजकेंद्रांसाठी सुटे भाग करायची. त्यात टर्बाइनच्या कवचाचे दोन अर्धे भाग एकमेकांना घट्ट धरून ठेवणारे बोल्ट होते, मनगटाएवढे जाड, निकेलच्या मिश्रधातूचे. तिथली वाफ इतकी तापलेली असते की साधं पोलाद तुटत नाही, पण दिवसेंदिवस कणाकणाने ताणत जातं आणि पकड सैल पडते. निकेल तिथं टिकतं. मात्र टिकायला त्याच्यावर नीट संस्कार व्हावे लागतात, आणि ते करून घ्यायला कंपनीला आजवर पुण्याला जावं लागायचं. केयूरने बेबीताईचं नाव सुचवलं तेव्हा त्याचे साहेब म्हणाले होते, “अकोल्यात? तिथं डाळ भरडतात.” तरी केयूरने हट्ट धरला आणि एक गाडीभर बोल्ट अकोल्याला आले.

पहिल्या दिवशी गंमत झाली. बेबीताईच्या हाताखाली पंचफुला नावाची बाई होती, भट्टी भरण्या-काढण्यात तरबेज. बोल्ट हजार अंशांच्या वर तापवून बाहेर काढले, हवेत निवू दिले. पाणी नाही, तेल नाही, चर्र नाही. निवल्यावर पंचफुलाने सवयीने एकावर कानस घासून पाहिली आणि तिचा जीव खाली-वर झाला.

“ताई, हे तं नरम होऊन गेलं. कानस खाऊन राहिली याले.”

“होऊ दे. नरमच व्हायला पायजे.”

“मंग आपण याले तापवलं कायले?”

बेबीताईने तिला बाकावर बसवून सांगितलं. या धातूत निकेलबरोबर थोडं अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियम असतं. खूप तापवलं की ते साखर पाण्यात विरघळावी तसं निकेलमध्ये पार विरघळून जातं. सगळीकडे सारखं. त्या वेळी धातू नरम असतो. मग दुसऱ्या भट्टीत, सातशे अंशांच्या आसपास, त्याला रात्रभर शांत ठेवायचं. तिथं ते विरघळलेलं परत बाहेर पडायला लागतं, पण डोळ्यांनाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत एवढ्या बारीक कणांनी. धातू ताणला जाऊ लागला की आतले थर एकमेकांवरून घसरू पाहतात, आणि हे कण त्यांना अडवतात. सगळी ताकद तिथून येते. लवकर काढलं तर कण पुरेसे झालेले नसतात. फार वेळ ठेवलं किंवा आच वाढवली तर ते एकमेकांत मिसळून मोठे आणि विरळ होतात, आणि मधल्या मोकळ्या जागेतून थर पुन्हा घसरायला लागतात. पोलाद झटक्यात कडक होतं. हे लोणच्यासारखं मुरावं लागतं.

“म्हणजे मुरवणी,” पंचफुला म्हणाली.

तो शब्द बेबीताईला इतका आवडला की तिने भट्ट्यांवर खडूने नावंच घातली. एकीवर विरघळवणी, दुसरीवर मुरवणी.

शिक्क्यावरूनही थोडी कुरबुर झाली. ज्याने भट्टीचं काम केलं त्याची खूण प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर ठोकायची, खूण नसेल तर कंपनीच्या गोदामात माल उतरत नाही, असा नियम होता. साहेबांनी एक इंग्रजी अक्षर आणि आकडा सुचवला. बेबीताईने नावाच्या पाट्या कोरणाऱ्याकडून पोलादी ठसा करून आणला आणि नमुन्याच्या बोल्टवर ठोकून पाठवला, ‘बेबी’. साहेब म्हणाले, वीजकेंद्रात हसतील. केयूरने विचारलं, हसल्याने बोल्ट ढिला होतो का? साहेबांनी शिक्का मंजूर केला.

पहिली खेप उत्तम गेली. दुसरी खेप नवरात्रात आली, आणि या खेपेवर पुढचं सगळं अवलंबून होतं. ही नीट गेली तर कंपनी निकेलचं सगळं काम अकोल्याला देणार होती. नाही गेली तर पुन्हा पुणं, आणि बेबीताई पुन्हा नुसती पाणी देणारी.

अष्टमीच्या दिवशी बोल्ट मुरवणीत गेले. संध्याकाळी घरी जेवताना ती सूर्यभानला म्हणाली, “उद्या खांडेनवमी हाय. मले उशीर होईल, सकाळी तुमीच शेडमधली पूजा करून घ्या.”

सूर्यभान पहाटेच आंघोळ करून शेडमध्ये गेले. बेबी पोहोचली तेव्हा दारातच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. भट्टीच्या पंख्याची घरघर नव्हती. आत पाहिलं तर मुरवणीच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ, खाली फोडलेला नारळ, उदबत्तीचा धूर. दार वीतभर उघडं. तापमानाचा आकडा दाखवणारा दिवा विझलेला. बाजूला सूर्यभान हात जोडून उभे, तोंडावर पुण्य केल्याचं समाधान.

“काहून बंद केली?”

“तूच तं म्हणाली, पूजा करून घ्या म्हणून.”

“पूजा करा म्हटलं. बंद करा कोण म्हटलं?”

“चालत्या मशीनची पूजा कोणी करते काय वं? आजच्या दिवशी त्याईले आराम देतात. वावरातली मोटर बंद ठेवतो, ट्रॅक्टर बंद ठेवतो, तशी हेही केली.”

“आन दार?”

“लक्ष्मी आत जाईन कशी?”

तिला संताप आला, आणि त्याच दमात रडूही आलं. या माणसाने अडाणीपणा केला असं म्हणायची सोय नव्हती. वऱ्हाडात खांडेनवमीला पूजा म्हणजे बंद यंत्राची पूजा, हे तिला जन्मापासून माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं आणि त्याने मनापासून केलं होतं. काय झालं ते सूर्यभानला समजलं तेव्हा ते बाहेर जाऊन कडुनिंबाखाली बसले आणि दिवसभर जेवले नाहीत.

बेबीताईने बोल्ट काढून एकेकाची कठीणता मोजली. मागचे जवळपास मुरलेले होते, कारण मागे ऊब राहिली होती. दारापाशी होते ते लवकर थंड पडलेले आणि कच्चे. मधले मधल्यासारखे. कंपनीने ठरवून दिलेल्या किमान आकड्याच्या वर मात्र सगळे होते. दारापाशी होते ते अगदी काठावर, पण वर.

पुन्हा आच देऊन उरलेली मुरवणी करावी म्हटलं तर तीही वाट बंद होती. प्रत्येक बोल्टची कसर निराळी. कच्च्यांसाठी थांबलं तर मागचे जास्त होणार, मागच्यांसाठी थांबलं तर पुढचे कच्चे राहणार. एकच रस्ता होता, सगळं पुन्हा विरघळवायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. अशी फेरी एकदा करायची मुभा कंपनीच्या नियमातच होती. तिने नवमीला केयूरला फोन करून झालेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि दसऱ्याच्या सकाळी विरघळवणीची भट्टी सुरू केली.

भट्टी तापत आली तेवढ्यात केयूर व्हॅन घेऊन हजर झाला. पंचफुलाने त्याच्या हातात आपट्याची पानं ठेवली. त्याने ती खिशात घातली आणि कठीणतेचे आकडे पाहिले.

“मॅडम, सगळे पास आहेत. मी माल घेऊन जातो. वीजकेंद्रात टर्बाइन उघडून ठेवलंय, माझे साहेब दर तासाला फोन करतायत.”

“पास हाय, पण सारखे नाई.”

“किमान आकडा ओलांडलाय ना?”

“थंड असताना ओलांडला, केयूर. तापल्यावर काय होईल ते तुमाले माझ्याएवढंच माहीत हाय. कच्चे आधी सैल पडतील. त्यांचा भार शेजारच्याइवर जाईल, मंग तेही ताणतील. जोडात फट पडली का वाफ बाहेर. ते तापलेली वाफ डोळ्याले दिसत नाई. तठी उभ्या माणसाले ते लागल्यावरच समजते.”

केयूरला हे सगळं पाठ होतं. म्हणूनच तो तिच्याकडे न बघता बोलला. “असं होईलच असं नाही. तापमानाच्या आलेखात भट्टी बंद पडल्याचा खड्डा दिसतोय, तेवढी अडचण आहे. उद्या रिकामी भट्टी पूर्ण वेळ चालवून नवा आलेख काढा. तो मी मालाच्या कागदांना जोडतो. तुम्ही फक्त शिक्का मारा.”

“रिकाम्या भट्टीवर माझा शिक्का?”

“एवढ्या खेपेपुरता. नाहीतर काम परत पुण्याला जाईल. मग मला नाही थांबवता येणार.”

त्याचा फोन वाजला. तो बोलायला व्हॅनपाशी गेला, आणि जाता जाता त्याने ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायची खूण केली. माल कंपनीचा होता. घेऊन जायचा त्याला पूर्ण हक्क होता आणि शिक्का काय, तो नागपुरातही कुणाकडून तरी ठोकून घेता आला असता. बेबीताईने ट्रॉलीवर मांडलेल्या बोल्टांकडे पाहिलं. मग पंचफुलाकडे पाहिलं.

“दार उघड.”

“ताई, तो मानूस—”

“उघड तू.”

दोघींनी ट्रॉली ढकलली. कडुनिंबाखालून सूर्यभान उठून आले आणि न विचारता तिसरा खांदा लावला. ट्रॉली आत गेली, दार बसलं, भट्टीवरचा आकडा थंड माल आत आल्याने झरझर खाली आला आणि पुन्हा वर चढायला लागला.

केयूर फोन कानाला लावूनच आत आला आणि रिकामी जागा पाहून थबकला. “मॅडम, हे काय केलं तुम्ही?”

“कच्चं काम पुसून राहिली.”

“बाहेर काढा.”

“अजून वेळ हाय,” बेबीताई शांतपणे म्हणाली. “अजून काहीच विरघळलं नाई. दार तिकडं हाय. तुमचा माल हाय, तुमी म्हणाल तं पंचफुला आत्ता उघडते. पण एकदा का आकडा वर गेला, का आतमंदी लोण्यासारखा नरम माल राहील. तो कोणत्याच कागदावर पास होणार नाई. मंग तो माझ्याकडूनच मुरवून न्या लागते. काय ते ठरवा.”

पंचफुला दाराच्या मुठीपाशी जाऊन उभी राहिली. केयूर आकड्याकडे बघत राहिला. सातशे मागे पडले. आठशे. त्याच्या हातातला फोन पुन्हा थरथरला, त्याने तो उचलला नाही. कणांना किती उष्णता सोसते आणि कुठे ते हार मानतात हे त्याने एमटेकला दोन वर्षं घासलं होतं. पंचफुलाने मुठीवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं. केयूरने खिशातली आपट्याची पानं काढली, थोडा वेळ बोटांत चाळवली आणि बाकावर बसला. आकडा हजाराच्या पुढे गेला तेव्हा त्याने ड्रायव्हरला हाक मारून सांगितलं, “गाडी बंद कर. वेळ लागेल.”

त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री तो अकोल्यातच राहिला. दसऱ्याची पुरणपोळी सूर्यभानने शेडमध्ये आणली आणि केयूरला वाढली. “पोट्टेहो, आता हे भट्टी कोणीच बंद करत नाई. मी दाराशी बसतो,” ते म्हणाले, आणि मुरवणी पुरी होईपर्यंत खरोखर खुर्ची टाकून तिथं बसले. पंखा घरघरत होता. मध्येच ते उठून झेंडूची माळ दारापासून जरा लांब सरकवत, म्हणजे ती करपू नये.

बोल्ट निघाले. पुढचे, मधले, मागचे, सगळे एका आकड्यावर. केयूरने स्वतः पुन्हा मोजले. मग बेबीताईने बाक ओढला, ठसा घेतला, आणि एकेका बोल्टच्या डोक्यावर हातोडीचा एकेक घाव घालत गेली. ती घाई करत नव्हती. ठण्‌ वाजायचं आणि पंचफुला पुढचा बोल्ट सरकवायची.

जे कच्चे बोल्ट गेले असते, ते ढिले पडले असते का? कदाचित नसतेही. नीट केलेल्या कामाचा पुरावा कुठे असतो? टर्बाइन चालत राहतं, माणसं घरी जातात, आणि सगळ्यांना वाटतं की असंच असतं. बेबीताईला हे मान्य होतं. दुसऱ्याने मान्य करावं असा तिचा आग्रहही नव्हता.

शेवटचा बोल्ट ठोकून झाला, माल व्हॅनमध्ये चढू लागला, तेव्हा केयूरचा फोन वाजला. साहेबांचा आवाज भट्टीपर्यंत ऐकू येत होता. वीजकेंद्राने उशिराबद्दल कंपनीला चार शब्द सुनावले होते. आता या अकोल्याच्या बाईला पुन्हा काम द्यायचं नाही, मंजूर कारागिरांच्या यादीतून तिचं नाव आजच काढून टाकायचं, असं ते सांगत होते.

“काढतो सर,” केयूर म्हणाला.

“पूर्ण नाव काय तिचं?”

“बेबी.”

“मी पूर्ण नाव विचारतोय.”

केयूरने व्हॅनकडे पाहिलं. पंचफुला आणि ड्रायव्हर बोल्ट चढवत होते, आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरची ताजी अक्षरं उन्हात चमकत होती.

“एवढंच आहे सर,” तो म्हणाला. “यादीतून मी काढतो. टर्बाइनवरून नाही काढता येणार.”